मारामारी नसलेले व्हिडिओ गेम कसे शोधायचे: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

गेमच्या कुठल्याही ऑनलाइन दुकानात शिरलात की ठरलेले कप्पे दिसतात: ॲक्शन, शूटर, हॉरर, स्ट्रॅटेजी, रेसिंग. 'मारामारी नसलेले' असा कप्पा सहसा नसतोच. ज्याला बंदूक, तलवार, रक्त यातलं काहीच नको आहे, तो माणूस चार पानं चाळतो, मोठमोठ्या जाहिराती बघतो आणि 'गेम म्हणजे हेच असतं' असं समजून बाहेर पडतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. या माध्यमातल्या सगळ्यात टिकाऊ गोष्टींमध्ये शांत गेमची मोठी रांग आहे. मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव यांनी 1984 साली बनवलेला टेट्रिस, विल राइट यांचा 1989 चा शहर वसवण्याचा सिमसिटी, निर्जन बेटावर भटकत कोडी सोडवायला लावणारा 1993 चा मिस्ट. यातल्या एकातही कुणाला मारायचं नसतं आणि तिन्ही प्रचंड खेळले गेले.

मी स्वतः या शोधात बराच भटकलो आहे, आणि मला सापडलेली वाट अशी: सुरुवात 'काय नको' यापासून करू नका. 'हिंसा नको' एवढंच डोक्यात ठेवून शोधलं की एक तर लहान मुलांचे गेम समोर येतात किंवा कसलीच धार नसलेले. आधी आपल्याला काय करायला आवडतं ते ठरवायचं, त्यावरून गेम काढायचे आणि मग त्यावर 'काय नको'ची चाळणी लावायची. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत.

सुरुवातीला जवळ काय असावं

- फोन, टॅबलेट, कंप्युटर किंवा कन्सोल (खास गेमसाठीच बनवलेलं यंत्र), यातलं जे आधीपासून आहे ते. या कामासाठी नवीन यंत्र घेऊ नका.
- त्या यंत्राची माहिती एका कागदावर: रॅम किती, मोकळी जागा किती, ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का.
- एका दुकानाचं खातं. कंप्युटरवर स्टीम, फोनवर गूगल प्ले किंवा ॲप स्टोअर, कन्सोलवर त्या कंपनीचं स्वतःचं दुकान.
- हेडफोन. या प्रकारच्या गेममध्ये अर्धी मजा आवाजात असते.
- कंप्युटरवर खेळणार असाल तर पुढेमागे एक कंट्रोलर, म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळायचं बटणांचं उपकरण. पहिल्या दिवशी त्याची गरज नाही. कोड्यांचे आणि शहर वसवण्याचे बहुतेक गेम माउसवरच उत्तम चालतात.
- एक वही किंवा फोनमधली नोंद. नावं पटापट विसरली जातात.

1. आधी क्रियापद निवडा

गेमचं वर्गीकरण दुकानदार त्यांच्या सोयीने करतात. तुम्ही एकच प्रश्न विचारा: रिकाम्या वेळात माझे हात आणि डोकं कशात रमतं? उत्तर एका क्रियापदात द्या. लावणं, वसवणं, भटकणं, सोडवणं, चालवणं, ऐकणं. या पायरीवर वेळ घालवा, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

*रचणं आणि आवरणं.* ज्यांना कपाट लावताना बरं वाटतं त्यांनी अनपॅकिंग बघावा. 2021 चा हा ऑस्ट्रेलियन गेम. एका व्यक्तीने 1997 पासून 2018 पर्यंत घरं बदलली, त्या प्रत्येक घरातली खोकी उघडून सामान जागच्या जागी लावायचं, एवढंच काम. संवाद नाहीत, ती व्यक्ती दिसतही नाही. पण कुठली वस्तू प्रत्येक घरात सोबत येते, कुठली मधेच नाहीशी होते, दुसऱ्याच्या घरात आपल्या सामानाला जागा मिळते की नाही, यावरून एक आख्खं आयुष्य कळत जातं. माझ्या मते गोष्ट सांगायची ही रीत फक्त गेमलाच जमू शकते. डॉर्फरोमांटिकमध्ये षटकोनी फरशा जोडत जंगलं, नद्या, खेडी यांचा प्रदेश उभा करायचा असतो. हाही शांत, पण यात गुण आहेत आणि थोडा विचारही लागतो. टाउनस्केपरमध्ये तर ध्येयच नाही. पाण्यावर क्लिक केलं की घर उगवतं, शेजारी केलं की गल्ली होते. आणि पॉवरवॉश सिम्युलेटर हा अक्षरशः पाण्याच्या फवाऱ्याने मळकट गाड्या आणि घरं धुण्याचा गेम आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण कामावरून थकून आल्यावर तासभर यात कसा जातो ते कळत नाही.

*वसवणं आणि चालवणं.* शहर, रेल्वे, वाहतूक यांचं वेड असेल तर सिटीज स्कायलाइन्स हा 2015 चा फिनिश गेम मोठा आहे, यंत्रही तसंच लागतं. हलक्या यंत्रावर मिनी मेट्रो घ्या. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या चमूने बनवलेला हा गेम भुयारी रेल्वेच्या नकाशासारखा दिसतो; स्थानकं वाढत जातात, तुम्ही रेषा ओढत राहता. जुन्या कंप्युटरसाठी ओपनटीटीडी आहे. 1994 च्या ट्रान्सपोर्ट टायकूनवरून स्वयंसेवकांनी उभा केलेला, पूर्ण मोफत, आणि आगगाड्यांचे सिग्नल नीट लावण्यात ज्याला रस आहे त्याला वर्षानुवर्षं पुरणारा. नुसतं चालवायचं असेल तर युरो ट्रक सिम्युलेटर 2 मध्ये ट्रक घेऊन देशोदेशीचे रस्ते तुडवता येतात.

*भटकणं.* अ शॉर्ट हाइकमध्ये तुम्ही एक लहान पक्षी असता. डोंगराच्या माथ्यावर फोनला रेंज मिळते, म्हणून वर जायचं. वाटेत सोनेरी पिसं मिळतात तसं जास्त चढता येतं, उडता येतं. दोन-तीन तासांत संपतो. ज्यांनी आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही त्यांना मी सगळ्यात आधी हाच सुचवतो, कारण यात चुकायला जागाच नाही. जर्नी हा 2012 चा. वाळवंट ओलांडून दूरच्या पर्वताकडे चालत जायचं. वाटेत एखादा अनोळखी प्रवासी भेटतो, तो जगात कुठेतरी बसलेला खरा माणूस असतो. त्याच्याशी बोलता येत नाही, लिहिता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. त्याचं नाव गेम संपल्यावरच दिसतं. शिवीगाळ आणि चढाओढ ऑनलाइन खेळातून कशी काढून टाकता येते याचं इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

*सोडवणं.* इथे निवड अफाट आहे. नजरेला फसवणाऱ्या इमारतींचा मॉन्युमेंट व्हॅली फोनवर सुरू करायला सर्वोत्तम. बाबा इज यू मध्ये खेळाचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांच्या रूपात पटावर पडलेले असतात. ठोकळा ढकलला की नियम बदलतो. विलक्षण आहे आणि लवकरच कठीण होतो. द विटनेस हे कोड्यांनी भरलेलं एक बेट आहे. आउटर वाइल्ड्समध्ये एक छोटी सूर्यमाला आहे, तिचा सूर्य 22 मिनिटांत फुटतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. हाती उरतं फक्त तुम्ही मिळवलेलं ज्ञान. शस्त्र नाही, पैसे नाहीत, ताकद वाढवणं नाही. कुतूहल असलेल्या माणसासाठी याहून चांगला गेम मला माहीत नाही. काहीच खर्च करायचा नसेल तर सायमन टॅथम यांचा कोड्यांचा मोफत संच ब्राउझरमध्येही चालतो आणि फोनवरही, आणि बुद्धिबळासाठी लीचेस हे संकेतस्थळ आहे, मोफत आणि जाहिरातींशिवाय.

*शेती, बागा, गावगाडा.* स्टार्ड्यू व्हॅली एरिक बॅरोन या एकाच माणसाने बनवला आणि 2016 मध्ये आणला. पेरणी, गाईगुरं, गावकऱ्यांशी मैत्री. या गेमबद्दल पुढे आणखी बोलायचं आहे, कारण नवखे इथेच सगळ्यात जास्त दचकतात. निन्टेन्डो स्विच हा कन्सोल असेल तर ॲनिमल क्रॉसिंग न्यू होरायझन्स. त्यातलं बेट तुमच्या घड्याळाप्रमाणे चालतं, तुमच्याकडे रात्र तर तिथेही रात्र.

थरार हवा आहे पण हाणामारी नको, अशांसाठी मोटारींचे शर्यतीचे गेम, क्रीडाप्रकार आणि तालावर बटणं दाबायचे गेम आहेतच. रॉकेट लीग म्हणजे मोटारींनी खेळलेला फुटबॉल, आणि तो मोफत आहे.

2. आपली रेघ कुठे, ते लिहून काढा

'अहिंसक' म्हणताना दोन माणसं अगदी वेगळ्या गोष्टी म्हणत असतात. म्हणून वहीत स्वतःसाठी लिहा की यातलं तुम्हाला काय चालेल:

- शत्रूच्या डोक्यावर उडी मारली की तो फुग्यासारखा नाहीसा होतो, रक्त नाही. मारिओचे गेम असे असतात.
- मी कुणाला मारत नाही, पण मला कुणी मारू शकतं. पोर्टल हे कोड्यांचं नामांकित उदाहरण. तुमच्या हातातलं यंत्र फक्त भिंतींमध्ये दारं उघडतं, पण भिंतीआडून स्वयंचलित बंदुका तुमच्यावर गोळ्या झाडतात.
- खेळताना हिंसा नाही, गोष्टीत आहे. रिटर्न ऑफ द ओब्रा डिन मध्ये तुम्ही फक्त जहाजाची तपासणी करणारे ईस्ट इंडिया कंपनीचे विमा-निरीक्षक असता. पण काम असतं जहाजावरच्या 60 जणांचं काय झालं ते शोधण्याचं, आणि त्यांचे शेवटचे क्षण डोळ्यांसमोर गोठलेले दिसतात. गेम अप्रतिम आहे. मनाची तयारी नसेल तर मात्र नको.
- हिंसा नाही, पण भीती आहे. सबनॉटिका बनवणाऱ्यांनी विचारपूर्वक बंदुका ठेवल्या नाहीत. तरीही खोल समुद्राच्या काळोखात काहीतरी प्रचंड अंगावर येतं तेव्हा हात थरथरतात.
- मासेमारी, किडे पकडणं, शिकार. याचा विचार बहुतेक लेखांत होत नाही, पण अनेकांना हे खटकतं आणि त्यांचं खटकणं रास्त आहे. शांत म्हणून गाजलेल्या शेतीच्या गेममध्ये मासेमारी जवळपास हमखास असते. स्टार्ड्यू व्हॅलीत जनावरं कापावी लागत नाहीत, दूध, अंडी, लोकर असं मिळतं. मासे मात्र पकडले जातात. ॲनिमल क्रॉसिंगमध्ये मासेही आणि फुलपाखरंही.
- दुःख, मृत्यू, आजारपण. स्पिरिटफेअरर हा अतिशय हळुवार गेम, पण त्याचा विषयच मृतात्म्यांना निरोप देणं हा आहे.

यातलं अमुक योग्य आणि तमुक अयोग्य असं काही नाही. पण रेघ माहीत नसताना विचारलेल्या सल्ल्याचा उपयोग होत नाही. 'अहिंसक गेम सुचवा' म्हणण्याऐवजी 'कोडी आवडतात, अंधारातली भीती नको, मासेमारी चालेल' असं विचारून बघा. उत्तरं लगेच कामाची येतात.

3. दुकानात चाळणी लावा

स्टीमवर प्रत्येक गेमच्या पानावर टॅग, म्हणजे गेम कसा आहे ते सांगणारे छोटे शब्द असतात, आणि ते बहुतांशी खेळणारेच लावतात. कोझी, रिलॅक्सिंग, होलसम, पझल, वॉकिंग सिम्युलेटर, सिटी बिल्डर, फार्मिंग सिम, पॉइंट अँड क्लिक हे टॅग आपल्या कामाचे. टॅगवर क्लिक केलं की तसेच गेम समोर येतात. इंग्रजी स्पेलिंगमध्येच शोधा.

जास्त उपयोगी आहे ती उलटी बाजू. खात्याच्या स्टोअर प्रेफरन्समध्ये नको असलेले टॅग वगळता येतात. गोर, व्हायलंट, हॉरर आणि शूटर एवढे वगळले तरी दुकानाचं पहिलं पान ओळखू येणार नाही इतकं बदलतं. शोधाच्या पानावरही टॅग वगळायची सोय आहे.

दुकानाबाहेर दोन ठिकाणं सांगतो. होलसम गेम्स हा गट 2020 पासून होलसम डायरेक्ट नावाचा कार्यक्रम करतो, त्यात येऊ घातलेल्या सौम्य गेमची झलक एकापाठोपाठ एक दाखवतात. दुसरं, इच डॉट आयओ. तिथे छोट्या, एकट्यादुकट्या निर्मात्यांचे असंख्य गेम आहेत, कित्येक मोफत आणि थेट ब्राउझरमध्ये चालणारे. दर्जा कमीजास्त असतो, पण मोठ्या दुकानात कधीच दिसणार नाहीत अशा कल्पना इथे सापडतात.

4. घेण्याआधी ही तपासणी कराच

*वयाच्या शिक्क्यावर थांबू नका.* अमेरिकेतली ईएसआरबी ही संस्था 1994 साली स्थापन झाली, त्याच्या आदल्या वर्षी तिथल्या सिनेटमध्ये मॉर्टल कॉम्बॅट या मारामारीच्या गेममधल्या रक्तपातावर सुनावण्या झाल्या होत्या. युरोपातली पेगी 2003 पासून आहे. या संस्था सांगतात गेम कुठल्या वयाला योग्य. गेममध्ये हिंसा आहे की नाही हा वेगळा प्रश्न. ईएसआरबीच्या 'ई' (एव्हरीवन, म्हणजे सगळ्यांसाठी) शिक्क्यातही थोडी कार्टून हिंसा बसते, पेगीच्या 3 (तीन वर्षांपासून पुढे) मध्येही विनोदी अंगाची अगदी सौम्य हिंसा चालते. उलट, एखाद्या गेमला वरच्या वयाचा शिक्का केवळ भाषेमुळे किंवा प्रौढ विषयामुळे मिळालेला असू शकतो. फायरवॉचचं बघा. वायोमिंगच्या जंगलात वणव्यांवर नजर ठेवणाऱ्या माणसाची ती गोष्ट, शस्त्र नाही, लढाई नाही, पण मुलांसाठीही नाही. म्हणून शिक्क्याच्या शेजारची बारीक अक्षरं वाचा: 'फॅन्टसी व्हायलन्स', 'माइल्ड ब्लड', 'फिअर' असं तिथे लिहिलेलं असतं. ईएसआरबीच्या संकेतस्थळावर गेमचं नाव टाकलं की पुष्कळदा नेमकं काय दिसतं त्याचा एक परिच्छेदही मिळतो. माझ्या दृष्टीने ही सगळ्यात दुर्लक्षित सोय आहे.

*व्हिडिओचा मधला भाग बघा.* ट्रेलरवर विसंबू नका, आणि पहिल्या दहा मिनिटांवरही नको. कित्येक गेममध्ये लढाई पहिल्या तासात येतच नाही. युट्यूबवर गेमच्या नावापुढे 'नो कॉमेंटरी' लिहून शोधा. कुणीतरी न बोलता पूर्ण गेम खेळलेला असतो. व्हिडिओच्या साधारण मध्यावर दोन मिनिटं बघा, मग दोन-तृतीयांशाच्या आसपास दोन मिनिटं. शेवट बघू नका, मजा जाते.

*नाराज रिव्ह्यू आधी वाचा.* 'काही घडतच नाही', 'फारच सोपा' अशी तक्रार तुमच्यासाठी शिफारस ठरू शकते. 'मध्येच लढाई कशाला घुसवली' असं कुणी लिहिलं असेल तर तेही इथेच कळतं.

*किती वेळाचा, ते बघा.* हाउ लाँग टू बीट या संकेतस्थळावर बहुतेक गेमचे तास मिळतात. सुरुवात दोन ते पाच तासांच्या गेमने करा. शंभर तासांचा शेतीचा गेम पहिलाच घेतला तर तो अर्ध्यात राहतो.

विशिष्ट गोष्टीचा त्रास होत असेल, उदाहरणार्थ प्राण्याला इजा झालेली बघवत नसेल, तर डझ द डॉग डाय या संकेतस्थळावर सिनेमांबरोबर गेमचीही नोंद असते. मुलांसाठी शोधत असाल तर कॉमन सेन्स मीडियाची परीक्षणं पालकांना समोर ठेवूनच लिहिलेली असतात.

5. नेहमी फसवणाऱ्या गोष्टी

गोंडस चेहरा. मोठ्या डोळ्यांचे प्राणी आणि मऊ रंग दिसले की आपण निश्चिंत होतो. कल्ट ऑफ द लॅम्बमध्ये नायक गोजिरवाणं कोकरू आहे आणि गेम बळी, पंथ आणि तलवारबाजीचा. डोकी डोकी लिटरेचर क्लब शाळकरी मुलींच्या कवितामंडळासारखा दिसतो, मोफत आहे, आणि प्रत्यक्षात आत्महत्या आणि मानसिक छळाचा भीतिदायक गेम आहे. त्याच्या सुरुवातीलाच इशारा येतो; तो गंमत म्हणून ओलांडू नका.

नावातलं साम्य. आउटर वाइल्ड्स आणि द आउटर वर्ल्ड्स हे दोन्ही 2019 चे. पहिल्यात शस्त्र नाही, दुसरा बंदुकांचा. विकत घेताना नाव अक्षर न् अक्षर वाचा.

अर्धा शांत गेम. स्टार्ड्यू व्हॅलीत गावाबाहेर खाण आहे आणि खाणीत राक्षस. शेती करता करता माणूस कुतूहलाने खाली उतरतो आणि हातात तलवार येते. ही हिंसा सौम्य आणि चिमुकल्या चित्रांतली आहे, पण आहे. खाण टाळूनही बराच खेळ होतो. तांबं, लोखंड गावातल्या लोहाराकडून विकत मिळतं, फक्त प्रगती हळू होते. डेव्ह द डायव्हरही असाच, निळ्या पाण्याखाली मासे मारायला भाले आणि बंदुका आहेत.

मोफत मोबाइल गेममधल्या जाहिराती. गेम साधा रंग जुळवण्याचा, आणि दर दोन मिनिटांनी पडद्यावर युद्धाच्या गेमची रक्ताळलेली जाहिरात. हिंसा टाळणाऱ्या माणसावर हा उघड अन्याय आहे. उपाय तीन: एकदाच पैसे देऊन घ्यायचे गेम निवडा, ॲपलचं उपकरण असेल तर ॲपल आर्केड या त्यांच्या वर्गणीच्या सेवेत जाहिराती आणि गेमच्या आतली खरेदी दोन्ही नसतात, किंवा गेम ऑफलाइन चालत असेल तर इंटरनेट बंद करून खेळा.

शांत दिसणारा ओढणारा गेम. 'ऊर्जा संपली, चार तासांनी या नाहीतर पैसे भरा', रोज हजेरी लावली नाही तर नुकसान, आत काय निघेल ते उघडल्यावरच कळणाऱ्या नशिबाच्या पेट्या. यात रक्त नसतं, पण मनाला स्वस्थता मिळत नाही. अशा गेमच्या पानावर 'इन-ॲप पर्चेसेस' (आतली खरेदी) लिहिलेलं असतं. ते दिसलं तर रिव्ह्यूंमध्ये नेमकी कशाची खरेदी आहे ते शोधा.

6. सेटिंग उघडा, मगच खेळा

बरेच गेम तुमच्या रेघेच्या अलीकडे आणता येतात. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधण्याच्या गेममध्ये काठिण्यपातळी 'पीसफुल' ठेवली की रात्री अंगावर येणारे राक्षस येत नाहीत आणि भूकही घटत नाही. 'क्रिएटिव्ह'मध्ये तर सगळं सामान आधीच हातात असतं, फक्त बांधायचं. सबनॉटिकातही क्रिएटिव्ह आहे. आल्टोज ॲडव्हेंचरमध्ये झेन मोड आहे: गुण नाहीत, नाणी नाहीत, पडलं की उठायचं आणि उतारावरून पुन्हा घसरायचं. सेलेस्टे हा डोंगर चढण्याचा अवघड गेम, पण त्याच्या असिस्ट मोडमध्ये वेग कमी करता येतो, दमणं बंद करता येतं.

इथे एक फार कमी जणांना माहीत असलेली गोष्ट. असॅसिन्स क्रीड ही मालिका खूनखराब्यासाठी प्रसिद्ध, पण तिच्या ओरिजिन्समध्ये 2018 पासून डिस्कव्हरी टूर नावाची सोय आहे. लढाया आणि मोहिमा काढून टाकल्या आहेत. पिरॅमिडांचा प्राचीन इजिप्त पायी हिंडायचा आणि माहिती ऐकायची. नंतर ग्रीस आणि व्हायकिंग काळासाठीही अशी सोय आली.

चालताना पडदा हलतो अशा गेममध्ये काहींना गरगरतं, मळमळतं. हा तुमचा कमकुवतपणा नव्हे, पुष्कळांना होतं. सेटिंगमध्ये 'मोशन ब्लर' (हलताना चित्र धूसर होणं) आणि 'हेड बॉब' (चालताना दृश्य वरखाली होणं) बंद करा, 'फील्ड ऑफ व्ह्यू' (नजरेचा आवाका) वाढवा, खोलीत दिवा चालू ठेवा. तरीही त्रास झाला तर वरून किंवा बाजूने दिसणारे गेम निवडा.

7. पहिला तास आणि परतावा

डेमो, म्हणजे गेमचा मोफत नमुना असेल तर आधी तो खेळा. स्टीमवर विकत घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. त्यामुळे विकत घेऊन तसाच ठेवू नका. त्याच आठवड्यात तासभर खेळून बघा. मुदत निघून गेली की तो गेम तुमच्याकडेच राहतो. इतर दुकानांचे नियम वेगळे आणि बरेचदा कडक असतात, पैसे भरण्याआधी वाचा.

गेम आवडला नाही तर थांबा, बंद करा. कितीही नावाजलेला असो. घाई मात्र नसेल तर दुकानातल्या विशलिस्टमध्ये (पुढे घ्यायच्या गेमच्या यादीत) टाकून ठेवा, वर्षातून अनेकदा सवलती लागतात आणि कळवलं जातं.

8. एकातून दुसरा शोधताना

एखादा गेम मनापासून आवडला की दुकान 'असेच आणखी' म्हणून रांग लावतं. त्यापेक्षा निर्मात्याचं नाव बघा. मिनी मेट्रो आवडला तर त्याच चमूचा मिनी मोटरवेज रस्त्यांचा आहे. जर्नी बनवणाऱ्या दॅटगेमकंपनीचा आधीचा फ्लॉवर वाऱ्याची झुळूक होऊन पाकळ्या गोळा करण्याचा, आणि नंतरचा स्काय फोनवर मोफत आहे, मात्र त्यात आतली खरेदी आहे. मॉन्युमेंट व्हॅलीवाल्यांचा अल्बा माझा विशेष लाडका: बेटावर सुट्टीला आलेली एक मुलगी फोनच्या कॅमेऱ्याने पक्षी-प्राण्यांची नोंद करते आणि अभयारण्य वाचवायला गावकऱ्यांना एकत्र आणते. प्राण्यांशी संबंध येतो तो फक्त त्यांचं चित्र टिपण्यापुरता आणि त्यांना मदत करण्यापुरता.

निर्माता तोच असला तरी चौथ्या पायरीतली तपासणी चुकवू नका. ग्रीस हा बार्सिलोनाच्या नोमाडा स्टुडिओचा 2018 चा गेम, जलरंगांतल्या चित्रांसारखा. त्यात मरण नाही, हरणं नाही. त्याच स्टुडिओचा 2024 चा नेवा दिसायला तितकाच देखणा आहे, पण त्यातल्या नायिकेच्या हातात तलवार आहे आणि ती तिला वारंवार चालवावी लागते.